यंत्राचा कोनाडा

कोनाडा बुजवायचं ठरलंय, ही बातमी प्रेमानंदला घरात नव्हे, लोणारच्या बसस्टँडवर कळली, आणि तीही गवंड्याच्या तोंडून.

"पेमाभाऊ, दसरा झाला का येतो मंग," गवंडी चहा फुंकत म्हणाला. "विटा तुमी आनसान का मी आनू?"

"कायच्या विटा?"

"कोनाड्याच्या. गुरुजीनं सोता सांगतलं न. म्हने यंत्र काई येत नाई आता, बुजवून टाक."

प्रेमानंदच्या पोटात गोळा आला. तसा त्याच्या पोटात गोळा यायला फार काही लागत नाही. पंचायत समितीत तो ज्येष्ठ लिपिक आहे. साहेबांनी बोलावलं तरी गोळा येतो आणि बरेच दिवस बोलावलं नाही तरी येतो. नाव प्रेमानंद ठेवताना आईबापांच्या मनात काय होतं कोण जाणे, पण काळजी करण्याच्या कामात या माणसाने कधी किरकोळ रजासुद्धा घेतलेली नाही. या वेळचा गोळा मात्र रास्त होता. कारण तो कोनाडा म्हणजे काही दिवा ठेवायची देवळी नव्हे.

प्रेमानंदचे बाबा, निवृत्ती गुरुजी, हायस्कुलात विज्ञान शिकवत. घर बांधलं त्या काळात त्यांनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये 'सन दोन हजार' या विषयावर भाषण दिलं होतं. दोन हजार साली जेवणाऐवजी एक गोळी असेल. लोणारहून मेहकरला माणूस उडत जाईल. सरोवराच्या खड्ड्यातून अग्निबाण सुटतील, कारण खड्डा आयताच तयार आहे, खोदाईचा खर्च नाही. आणि घरोघरी एक यंत्रमाणूस असेल, त्यामुळे कोणत्याही बाईला झाडू हातात धरावा लागणार नाही. टाळ्या खूप पडल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले, पण गुरुजींनी त्याप्रमाणे घर बांधलं. गच्चीला कठडा ठेवला नाही, विमानाचे पंख अडतील म्हणून. त्या गच्चीवरून विमान एकदाही उडालं नाही, पण शेजारची बकरी दोनदा उडाली. आणि बैठकीच्या खोलीत, जमिनीपासून थेट वर, माणूस उभा राहील एवढा कोनाडा काढला. त्यात विजेचा प्लग बसवला, तोही जमिनीपासून वीतभर उंचीवर. यंत्राला वीज पायातून भरावी लागेल, असं त्यांचं शास्त्रीय मत होतं.

नवी नवरी जनकाबाई तेव्हा त्या रिकाम्या कोनाड्यासमोर उभी होती. गुरुजी तिला म्हणाले, "हे तुह्यासाठी. थोडे वर्षं काढ, मंग तुले झाडू धरा लागनार नाई."

तेव्हापासून कोनाडा रिकामा होता. त्यात कोणी छत्रीसुद्धा टेकवायची नाही. दर दसऱ्याला लोक सायकलीची, नांगराची, शिवणयंत्राची पूजा करत, आणि गुरुजींच्या घरी रिकाम्या कोनाड्याला हळदकुंकू वाहून झेंडूचं तोरण लागे. दोन हजार साल उजाडलं तेव्हा लोकांनी चिडवायला विचारलं, "गुरुजी, यंत्र?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "रस्त्यात हाय." गावाला ते इतकं आवडलं की लोणारात आजही एसटी आली नाही, नळाला पाणी आलं नाही, की लोक "रस्त्यात हाय" म्हणतात.

आणि आता श्रावणातल्या तापातून उठल्यावर हाच माणूस म्हणत होता, बुजवून टाक.

प्रेमानंद घरी आला तेव्हा बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. माय, म्हणजे जनकाबाई, झाडत होती. गुडघे गेलेले, डॉक्टरांनी वाकू नका म्हणून बजावलेलं. तरी सून सुवर्णाच्या हातचा झाडू कोपऱ्यात पोहोचत नाही अशी तिची पक्की खात्री, म्हणून ती एका हाताने भिंत धरून झाडत होती. कोनाड्यापाशी आली की नेहमीप्रमाणे आतलीही धूळ काढायची.

"बाबा, गवंडी काऊन सांगतला?" प्रेमानंदनं विचारलं.

"चुकलो मी," बाबा भिंतीलाच म्हणाले. "इतके वर्षं तुह्या मायले फसवलं. लोकं हासत व्हते थे बरोबर व्हते."

 संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकरी टाकली. प्रेमानंदला धडकी भरली. बाबांचा हट्ट त्याला लहानपणापासून छळत आला होता, पण बाबा उठून उभे राहतात ते त्याच हट्टाच्या जोरावर, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. हट्टच गेला तर खाली उरतं काय? दसऱ्याच्या आत काहीतरी करायला हवं होतं.

उपाय सुवर्णानं सुचवला. "थे गोल यंत्र येते न वो, जमिनीवर फिरून आपलं आपलं झाडते? थे मागवा. यंत्रच हाय न थे."

प्रेमानंदनं दोन दिवस काळजी करण्यात घालवले आणि तिसऱ्या दिवशी मोबाईलवरून यंत्र मागवलं. एवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण खोक्यावर बाबांनी स्वतःचं नाव वाचावं, 'श्री. निवृत्ती गुरुजी, लोणार', या कल्पनेनं त्याचा गळा दाटून आला आणि त्यानं मागणी बाबांच्या नावानं नोंदवली. पुढची सगळी फजिती त्या गळा दाटण्यातून झाली.

दुसरी चूक म्हणजे त्यानं हे शेजारच्या ज्ञानेश्वरभाऊंना विश्वासात घेऊन सांगितलं. ज्ञानेश्वरभाऊ एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. स्वभावाने गुप्तता पाळणारे, पण आवाज असा की ते कुजबुजले तरी शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जातं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं की गुरुजींचा यंत्रमाणूस दसऱ्याला येतो आहे. दुसऱ्या दिवशी तो हिंदी बोलतो हे कळलं. तिसऱ्या दिवशी तो विहिरीतून पाणीही काढतो, असं प्रेमानंदला ऑफिसात शिपायानं सांगितलं. घरातली दोन म्हातारी माणसं तेवढी अंधारात होती, कारण बाबांना कमी ऐकू येत होतं आणि माय गल्लीच्या गप्पांवर विश्वास ठेवत नव्हती.

खोकं आलं, पण मेहकरला येऊन अडकलं. लोणारात पत्ता सापडत नाही म्हणे. प्रेमानंद रजा टाकून एसटीनं मेहकरला गेला. कुरियरच्या खिडकीतला तरुण मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "निवृत्ती गुरुजी तुमीच का?"

"त्यायचा पोरगा."

"मंग त्यायले घेऊन या."

"शहाऐंशी वर्षांचे हायेत हो ते."

"मंग उद्या या. साहेब येतीन, पाहू."

 'उद्या या' हे वाक्य प्रेमानंदनं नोकरीच्या आयुष्यात हजारो लोकांना ऐकवलं होतं. समोरून ऐकायला ते इतकं वाईट लागतं, याची त्याला कल्पना नव्हती. पण तोही मुरलेला लिपिक होता, त्यानं पिशवीतून कागद काढले. बाबांचं आधारकार्ड दिलं, तर फोटोत कोणीच ओळखू येत नव्हतं. पेन्शनसाठी काढलेला हयातीचा दाखला दिला. तरुणानं तो उलटसुलट पाहिला.

"हा मागच्या नोव्हेंबरचा हाय. आता हयात हायेत कशावरून?"

हेही वाक्य प्रेमानंदचंच होतं. त्याचा ज्येष्ठ लिपिकपणा खिडकीबाहेर उभा राहून विरघळून गेला. शेवटी असं ठरलं की व्हिडीओ कॉलवर बाबा दाखवायचे. सुवर्णानं घरून फोन लावला. बाबा तोंड उघडं टाकून, हात छातीवर ठेवून गाढ झोपले होते. तरुणानं बराच वेळ निरखून पाहिलं.

"हालून नाई राह्यले," तो म्हणाला.

"झोपले हायेत."

"थोडं हालवा न त्यायले. माह्यावर येते मंग."

प्रेमानंदलाही आता बाबा हलताना दिसेनात. खिडकीमागे रांगेत उभी असलेली माणसंही पुढे वाकून बघू लागली. सुवर्णानं सासऱ्यांच्या तळपायाला बोट लावलं. काही नाही. पुन्हा लावलं. तेव्हा बाबांनी पाय झटकला आणि डोळे न उघडता वर्गात ओरडावं तसे ओरडले, "कोन हाय बे थे?"

रांगेतल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. एका अनोळखी म्हाताऱ्यानं प्रेमानंदच्या पाठीवर हात ठेवला. खोकं मिळालं.

घरी त्यानं यंत्र आपल्या पलंगाखाली लपवलं. जोडवायर लावून गुपचूप चार्ज केलं, मोबाईल जोडला, माहितीपत्रकात सांगितलेलं सगळं केलं. करता करता त्याचं बोट कुठेतरी लागलं आणि पहाटेची वेळ नेमली गेली, हे मात्र त्याला कळलं नाही. पहाटे माय चहा ठेवायला उठली तर स्वयंपाकघरात काहीतरी काळं, चपटं, गुरगुरत तिच्या पायाशी येत होतं. जनकाबाईनं आरडाओरडा केला नाही. झाडू उचलला आणि हाणायला सुरुवात केली. प्रेमानंद धावत आला तेव्हा यंत्र ओट्याखाली दडलं होतं आणि माय म्हणत होती, "सरोवराच्या तयाकडून कासव आलं वाटते. पन दातं हायेत त्याले."

तिला सगळं सांगावं लागलं. तिनं यंत्राकडे पाहिलं, मग झाडूकडे पाहिलं.

"हे व्हय थे? ज्याच्यासाठी मी सारी उमर कोनाडा झाडला, थे हे?"

"व्हय, माय."

"मंग त्याले सांग, जरा लवकर यायचं व्हतं," ती म्हणाली आणि चहा गाळायला लागली.

एक गोष्ट मात्र बरी झाली. यंत्र चार्ज व्हायला ज्या चपट्या ठोकळ्याला टेकतं, तो भिंतीला टेकून, जमिनीलगत, प्लगजवळ ठेवावा लागतो. घरभर शोधलं, सगळे प्लग खांद्याच्या उंचीवर. एकच प्लग वीतभर उंचीवर होता, आणि तो कोनाड्यात होता. बाबा आतल्या खोलीत झोपलेले असताना वायरमननं नवी वायर ओढली, ठोकळा आत बसवला, यंत्र सरकत जाऊन तिथे टेकलं. लहान पोरानं आपली जागा ओळखून बसावं तसं दिसत होतं. प्रेमानंद ते बघतच राहिला. त्यानं यंत्रावर टॉवेल टाकला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपले बाबा बरोबर होते असं त्याच्या मनात आलं.

हे समाधान रहेमतुल्लाभाईंनी दुपारीच मोडून काढलं. रहेमतुल्लाभाई गेट आणि खिडक्यांची वेल्डिंग करतात. गुरुजींचे विद्यार्थी, त्या भाषणाला पहिल्या रांगेत बसलेले. त्यांनी टॉवेल उचलून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"पेमाभाऊ, हे तं ताट हाय. गुरुजीनं फळ्यावर काढून दाखोलता. हात, पाय, डोकं. गाव येईन उद्या पाहाले. ताट पाहून हासनार नाई का लोकं?"

"मंग काय करू, रहेमतुल्लाभाई?"

"हातपाय नाई व्हत आता. डोक्याचं मी पाहतो. गुरुजीसाठी येवढं करू द्या."

प्रेमानंदला नाही म्हणता आलं नाही. त्याला ते ऑफिसातही येत नाही, म्हणून तो 'उद्या या' म्हणतो. रहेमतुल्लाभाईंनी गोडेतेलाच्या डब्याचं एक डोकं केलं, बाटलीच्या बुचांचे डोळे लावले, तोंडाच्या जागी जाळी बसवली. काम सुबक होतं. यंत्रावर ते डोकं ठेवल्यावर यंत्राला काय वाटलं ते कळायला मार्ग नव्हता, कारण यंत्राला ज्यानं दिसतं ते गोल बटण नेमकं त्या डब्याखाली गेलं होतं.

दसऱ्याला दिवेलागणीच्या आधी गल्ली लोटली. सीमोल्लंघन करून आलेले, आपट्याची पानं हातात घेतलेले, गुरुजींना सोनं द्यायला आलेले सगळे जिना, ओसरी, खिडकी धरून उभे राहिले. बाबा खुर्चीत बसले होते. पायाशी आपट्याच्या पानांचा ढीग साचत होता. एवढी माणसं आज कशी, हे त्यांना उमगत नव्हतं. कोनाड्याला आज शेवटचं तोरण लावायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

प्रेमानंदनं टॉवेल काढला.

"बाबा, आलं यंत्र."

बाबा बघत राहिले. प्रेमानंदनं पुढे केलेल्या खोक्यावरचं स्वतःचं नाव त्यांनी बोट ठेवून वाचलं. मग म्हणाले, "आधी पूजा करा."

आता पूजेला नाही कोण म्हणणार? जनकाबाईनं यंत्राला हळदकुंकू लावलं. दर्शनी भाग म्हणून जिथे लावलं, तिथे यंत्राचे पुढचे डोळे होते. अक्षता टाकल्या. ज्ञानेश्वरभाऊंनी, कोणी सांगितलं नसताना, झेंडूचा हार घातला. आधीच डब्यानं आंधळं झालेलं यंत्र कुंकवानं पुरतं आंधळं झालं, आणि प्रेमानंदनं बटण दाबलं.

यंत्र निघालं ते थेट रांगोळीत. तिथून रंगीत होऊन अक्षतांवर गेलं, तिथून पाहुण्यांच्या चपलांवर. डोकं डुगडुगत होतं. मग ते वळलं आणि गुरुजींच्या पायाशी असलेलं सोनं खायला लागलं. आपट्याची पानं खरखरत आत जाऊ लागली.

"सोनं गिळून राह्यलं बे थे," कोणीतरी म्हणालं.

हाराचा दोरा ब्रशात गुंतला. यंत्र जागेवर गोल फिरलं, कण्हलं आणि थांबलं. डोकं एका बाजूला कललं. आतून बाईचा आवाज आला, "ब्रश फँस गया है. कृपया मदद करें."

 मग ज्ञानेश्वरभाऊ हळूच, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "यंत्रच मदत मांगून राह्यलं, गुरुजी."

हशा पिकला. ओसरीतून खिडकीकडे, खिडकीतून जिन्याकडे गेला. प्रेमानंदला वाटलं, सरोवराचा तो खड्डा इथवर यावा आणि आपल्याला पोटात घ्यावं. लोकांनी बाबांना हसू नये म्हणून जे केलं, त्यानंच सगळं गाव एका खोलीत गोळा करून बाबांसमोर हसवलं होतं. त्याची बाबांकडे बघायची छाती होईना.

"काय म्हनते थे?" बाबांनी विचारलं.

"मदत करा म्हनते, बाबा," प्रेमानंद कसंबसं म्हणाला.

"मंग उभा काऊन हायेस?"

बाबा काठीवर जोर देऊन उठले. हसणं थांबलं. ते खाली बसले, डब्याचं डोकं दोन्ही हातांनी उचललं आणि रहेमतुल्लाभाईंच्या हातात दिलं. "काम चांगलं हाय तुह्यं, रहेमतुल्ला. पन त्याले जड व्हते." मग यंत्र उलटं केलं आणि प्रयोगशाळेत करत तसं सावकाश, बोटांनी दोरा सोडवला. धोतराच्या सोग्यानं कुंकू पुसलं.

"किती घान टाकली त्याच्या रस्त्यात," ते म्हणाले. "असं कसं चालन थे?"

जनकाबाई सवयीनं उठली, कोपऱ्यातला झाडू घेतला, भिंत धरून वाकायला लागली. बाबांनी हात पुढे केला.

"दे इकडं."

"काय?"

"झाडू दे. तू बस. डॉक्टर काय म्हनला?"

जनकाबाईला समजायला वेळ लागला. यंत्र येणार म्हणून या माणसानं आयुष्यभरात एकदाही झाडूला हात लावला नव्हता. त्याला तशी गरजच पडली नव्हती. तिनं झाडू दिला आणि त्यांच्याच खुर्चीत बसली.

गुरुजी झाडायला लागले. त्यांना झाडता येत नव्हतं. दाराकडून आत झाडत होते, धूळ वर उडत होती, पानं पुन्हा पुन्हा त्याच जागी येत होती. सुवर्णा पुढे झाली तर जनकाबाईनं तिचा हात पकडून ठेवला. बाबांनी कोनाड्यापर्यंत एक वाट मोकळी केली, यंत्र खाली ठेवलं, बटण दाबलं. यंत्र निघालं. ते पुढे काही अडू नये म्हणून बाबा त्याच्यापुढे झाडत निघाले.

"बाबा, राहू द्या न," प्रेमानंद म्हणाला. "झाडायसाठीच तं आनलं थे."

"त्या एकट्याले कसं जमन?" बाबा मान वर न करता म्हणाले.

प्रेमानंदनं पाहिलं, बाबांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर श्रावणापासून गेलेला तो जुना हट्ट परत आला होता. त्याच्या पोटातला गोळा सुटला आणि त्याला सगळ्यांदेखत रडू आलं. हसायला कोणी उरलं नव्हतं. ज्ञानेश्वरभाऊसुद्धा आपल्या चपला उचलून वाट करून देत होते.

जनकाबाई खुर्चीत बसून बघत होती. मोकळ्या हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं, म्हणून तिनं ते मांडीवर एकावर एक ठेवले होते. नवरा वाकून, धापा टाकत, चुकीच्या बाजूनं झाडत तिच्या पायांपर्यंत आला, तेव्हा तिनं पाय वर घेतले.  मग डोळे पुसून सुनेला म्हणाली, "आलं वो बाई, आलं एकदाचं यंत्र."

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी विटा घेऊन आला. बाबांनी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. म्हणाले, कोनाडा बुजवायचा नाही, आणि आत येऊ नको, आत्ताच झाडलंय.